आधी व्हाइस कॅप्टन, मग कॅप्टन: एएफएल फॅन्टसीत दर आठवड्याची निवड कशी करायची

एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ऑस्ट्रेलियातली मोठी लीग, आणि एएफएल फॅन्टसी म्हणजे तिच्यातल्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करून त्यांच्या खेळावर गुण मिळवायचा खेळ. ड्रीम इलेव्हन खेळलेला माणूस एएफएल फॅन्टसीत आला की पहिला गोंधळ व्हाइस कॅप्टनवरून होतो. तिथं कॅप्टनचे गुण दुप्पट आणि व्हाइस कॅप्टनचे दीडपट मोजतात. इथं दीडपट नाही. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात आणि व्हाइस कॅप्टनला जादा काहीच मिळत नाही. कॅप्टन त्या आठवड्यात मैदानात उतरलाच नाही, तर मात्र दुप्पट होण्याचा मान व्हाइस कॅप्टनकडे जातो. म्हणून नवे लोक ती जागा हाताला येईल त्या नावानं भरून टाकतात आणि सगळं डोकं कॅप्टनवर चालवतात. माझं सांगणं याच्या बरोबर उलट आहे. आठवड्याची सुरुवात व्हाइस कॅप्टनपासून करा, आणि तो निवडताना धाडस करा. कॅप्टन मात्र भरवशाचा ठेवा.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सकाळच्या बॅचेस आणि संध्याकाळच्या बॅचेस यांच्यामध्ये दुपार मोकळी असते, आणि ऑस्ट्रेलियातले संध्याकाळचे सामने नेमके आपल्या दुपारी पडतात. धाकटे दीर नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात जिलाँगला गेले, त्यांनी घरातली लीग काढली. त्यात ते, जाऊबाई, पुतण्या, इथून मी, माझा भाऊ आणि माझे काही जुने विद्यार्थी आहेत. पावसाळ्यात शाहू स्टेडियमवरचा हंगाम थांबतो आणि फुटबॉलवर वाढलेल्या या गावाला शनिवार-रविवार सुने वाटायला लागतात. एएफएल मार्चमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या शेवटी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर संपतं, त्यामुळं तो काळ आमचा भरून निघतो. खेळ फुकट आहे, यात पैसे लावायचे नाहीत.

कॅप्टन निवडायचा तर गुण कशाचे मिळतात ते पाठ पाहिजे. किकचे ३, हँडबॉलचे २, मार्कचे ३, टॅकलचे ४, हिटआउटचा १, गोलचे ६, बिहाइंडचा १. आपल्याला फ्री किक मिळाली तर १, आपल्यामुळं समोरच्याला मिळाली तर ३ वजा. हिटआउट म्हणजे उंच उडालेला चेंडू आपल्या माणसाकडं ढकलणं. बिहाइंड म्हणजे गोलच्या खांबांच्या थोडं बाजूनं गेलेला चेंडू. मार्क म्हणजे किमान पंधरा मीटर आलेली किक मध्ये कुणाचा हात न लागता झेलणं. हँडबॉल म्हणजे एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारलेला पास.

या यादीतून एक गोष्ट लगेच दिसते. गोल करणारा माणूस मैदानावर हिरो असतो, फॅन्टसीत तो क्वचितच कॅप्टनच्या लायकीचा असतो. चार गोल म्हणजे २४ गुण, आणि ते दर आठवड्याला होत नाहीत. आता एक मिडफिल्डर घ्या. २० किकचे ६०, १२ हँडबॉलचे २४, ६ मार्कचे १८, ५ टॅकलचे २०, झाले १२२. यात एकही गोल नाही. चेंडू सतत हाताला लागणारा माणूस हाच कॅप्टन. टॉम मिचेलनं २०१८ च्या पहिल्याच फेरीत हॉथॉर्नकडून कॉलिंगवुडविरुद्ध ५४ डिस्पोजल्स केले होते. डिस्पोजल म्हणजे किक आणि हँडबॉल मिळून. एका सामन्यात एवढे त्याआधी कुणीच केले नव्हते. फॅन्टसीवाले अशाच माणसांच्या शोधात असतात.

आता मुख्य मुद्दा. एएफएल फॅन्टसीत सगळा संघ एकदम बंद होत नाही, म्हणजे बदल करायची सोय सगळ्यांसाठी एकाच वेळी संपत नाही. ज्या क्लबचा सामना सुरू झाला, त्या क्लबचे खेळाडू तेवढे बंद होतात. आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि रविवारपर्यंत चालतो. म्हणजे गुरुवारी किंवा शुक्रवारी खेळणाऱ्या खेळाडूला व्हाइस कॅप्टन केलं, तर त्याचे गुण बघून मग शनिवार-रविवारच्या कॅप्टनचा निर्णय घेता येतो. व्हाइस कॅप्टननं दणका दिला तर ते गुण दुप्पट करून घ्यायचे, नाही दिला तर सोडून द्यायचं. सोडून दिलं म्हणून एक गुणही कापला जात नाही.

माझ्या मुलांना मी हे फळ्यावर मांडून दाखवते. समजा दोन खेळाडू आहेत आणि दोघांची सरासरी ११५ आहे. पहिला बेभरवशाचा आहे, एक तर १५० करतो नाहीतर ८०, शक्यता निम्मी-निम्मी. दुसरा दर वेळी ११५ च्या आसपास. बेभरवशाच्याला व्हाइस कॅप्टन आणि ठामाला कॅप्टन केलं, तर निम्म्या वेळा १५० घेऊ आणि उरलेल्या निम्म्या वेळा ११५ वर येऊ. सरासरी १३२.५. उलट केलं, म्हणजे ठाम माणूस आधी आणि बेभरवशाचा नंतर, तर ११५ घ्या नाहीतर पुढच्याची वाट बघा, सरासरी ११५ च राहते. खेळाडू तेच, फक्त जागा बदलल्या, आणि आठवड्याला साडेसतरा गुणांचा फरक पडला. वीस आठवड्यांत तो ३५० होतो. खऱ्या खेळाडूंचे गुण इतके साचेबंद नसतात, पण दिशा हीच राहते. म्हणून व्हाइस कॅप्टनसाठी मी सरासरी बघत नाही, त्या खेळाडूनं १४० किती वेळा ओलांडले ते बघते.

व्हाइस कॅप्टनचे गुण घ्यायचे ठरले तर ते घ्यायचे कसे? याला सगळे लूपहोल म्हणतात. कॅप्टन खेळला नाही तरच व्हाइस कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, म्हणून आपण मुद्दाम न खेळणाऱ्या खेळाडूला कॅप्टन करतो. त्यासाठी बेंचवर एक स्वस्तातला रूकी, म्हणजे नवखा खेळाडू, असा ठेवावा लागतो, जो त्या आठवड्यात खेळणार नाही हे पक्कं ठाऊक आहे. त्याला बेंचवरून मैदानातल्या बावीस जणांत आणायचं आणि कॅप्टनचा सी त्याच्या नावापुढं लावायचा. त्याच्या जागेवरचा जो खेळाडू बेंचवर गेला, त्याला इमर्जन्सीचा ई लावायचा. न खेळणाऱ्याचे शून्य आले की त्याच ओळीतल्या इमर्जन्सीचे गुण भरले जातात, त्यामुळं मैदानातली जागा रिकामी राहत नाही. डिफेंडरच्या जागी डिफेंडरच लागतो, फॉरवर्डच्या जागी फॉरवर्ड, हे विसरू नका.

यात दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं म्हणजे तो न खेळणारा रूकी आठवड्यात उशिरा खेळणाऱ्या क्लबचा पाहिजे. त्याच्या क्लबचा सामना गुरुवारी असेल तर तोही गुरुवारीच बंद होतो, मग शुक्रवारी तुम्ही त्याला हलवू शकत नाही. दुसरं, तो खरंच खेळणार नाही याची खात्री पाहिजे. रविवारच्या सामन्याचा पक्का संघ गुरुवारी हातात नसतो. फॉर्म नाही म्हणून बाहेर बसलेला पोरगा ऐनवेळी आत घेतला जाऊ शकतो, आणि तो आत आला की तुमचा कॅप्टन तोच. बारा गुण करेल, त्याचे चोवीस होतील. म्हणून मी या कामासाठी लांबच्या दुखापतीचा खेळाडू पसंत करते. दर आठवड्याला दोन ट्रेड, म्हणजे खेळाडू विकून दुसरा घ्यायच्या दोन संधी, मिळतात, त्यात असा पोरगा विकून टाकायचा मोह होतो. मी तो ठेवते. त्याच्या विक्रीतून जे मिळतं त्यापेक्षा लूपहोलची किंमत जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

किती गुण आले की घ्यायचे? इथं गणित वाचवतं. गुरुवारचा सामना सुरू व्हायच्या आधी मी वहीत एक आकडा लिहून ठेवते आणि नंतर तो बदलत नाही. सामना बघताना मन फिरतं. व्हाइस कॅप्टननं शेवटच्या क्वार्टरमध्ये जोर लावला की १०४ सुद्धा सोन्यासारखे वाटतात.

तो आकडा काढायचा कसा ते सांगते. आपल्या कॅप्टनचे मागचे नऊ सामने घ्या. समजा ते असे आहेत: ११२, ९८, १३१, ३४, १२१, १०७, १२६, ११८, १०४. बेरीज ९५१, सरासरी १०५.७. पण ते ३४ बघा, त्या दिवशी तो पहिल्या क्वार्टरलाच लंगडत बाहेर गेला होता. आता चढत्या क्रमानं लावा: ३४, ९८, १०४, १०७, ११२, ११८, १२१, १२६, १३१. मधला आकडा ११२. दहावीच्या पुस्तकातला हाच मध्यक. व्हाइस कॅप्टनचे १०९ झाले असतील तर सरासरी म्हणते घेऊन टाका, मध्यक म्हणतो थांबा. मी मध्यकाचं ऐकते, पण त्यातून दोन-तीन गुण कमी करते, कारण दुखापत ही काही कल्पना नाही. कॅप्टन पहिल्या पाच मिनिटांत जखमी होऊन बाहेर गेला तरी तो खेळला असंच धरलं जातं आणि व्हाइस कॅप्टन मदतीला येत नाही. मग या आठवड्याचा प्रतिस्पर्धी आणि हवामान बघून आकडा थोडा वर किंवा खाली. बहुतेक आठवड्यांत माझा आकडा ११० ते १२० च्या मध्ये येतो. सव्वाशेच्या वर गेला तर मला कुणाला विचारायची गरज पडत नाही, घेऊन टाकते.

भरवशाचा कॅप्टन कुठं शोधायचा? माझं पहिलं उत्तर रक. रक म्हणजे मध्यावर उंच गेलेला चेंडू उडी मारून आपल्या माणसाकडं ढकलणारा तगडा, उंच खेळाडू. मेलबर्नचा मॅक्स गॉन डोळ्यासमोर आणा. त्याला हिटआउटचे गुण मिळतात, आणि चेंडू मैदानात दर काही मिनिटांनी वर जातोच. ३५ हिटआउटचे ३५, ८ किकचे २४, ८ हँडबॉलचे १६, ४ मार्कचे १२, ५ टॅकलचे २०, मिळून १०७. यात फार काही चमकदार नाही, पण सगळं दर आठवड्याला होणारं आहे. शिवाय रकला सहसा कुणी टॅग करत नाही, म्हणजे त्याला जखडायला मुद्दाम माणूस लावत नाही. संघ जाहीर झाले की मी आधी समोरच्या क्लबचा रक कोण ते बघते. त्यांचा पहिल्या पसंतीचा रक जखमी असेल आणि एखादा नवा पोरगा किंवा फॉरवर्डमधला माणूस उभा राहणार असेल, तर त्या आठवड्याचा कॅप्टन ठरला.

मिडफिल्डरच्या बाबतीत टॅगर बघावाच लागतो. टॅगर म्हणजे स्वतःचा खेळ बाजूला ठेवून दिवसभर एकाच माणसाच्या मागं राहणारा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसनं कॉलिंगवुडच्या निक डेकोसला असं जखडलं की डेकोसच्या नावावर फक्त ५ डिस्पोजल्स लागले. त्याच सामन्यात त्याचा गुडघाही दुखावला, पण त्याआधीच त्याला चेंडू मिळेनासा झाला होता. त्या काळात तो देशातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंपैकी एक होता, आणि असंख्य लोकांनी त्याला डोळे झाकून कॅप्टन केलेलं असणार.

हे ओळखायची नजर कोल्हापूरकराला वेगळी शिकवावी लागत नाही. माझा भाऊ पेठेतल्या तालमीकडून खेळायचा. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलं की सामना सुरू व्हायच्या आधीच लोक सांगतात, यांचा अमुक आज त्यांच्या तमुकच्या अंगावर सोडलाय. भावाचं वाक्य मी कायम लक्षात ठेवलंय: "पोरगं भारी खेळतंय म्हणून त्याला घ्यायचं नसतं गं. त्याच्या अंगावर कोण सोडलाय ते बघ आधी." एएफएलमध्ये ते असं बघायचं: पुढच्या प्रतिस्पर्ध्यानं मागच्या तीन सामन्यांत समोरच्या सगळ्यात चांगल्या मिडफिल्डरला कुणी लावलं होतं का, आणि त्या मिडफिल्डरचे गुण किती पडले. तीनपैकी दोनदा लावला असेल तर चौथ्यांदाही लावतील असं धरा. मग आपल्या क्लबमध्ये तो कुणामागं जाईल? एकाच क्लबचे दोन मोठे मिडफिल्डर असतील तर टॅग एकालाच बसतो आणि दुसरा मोकळा सुटतो. तो दुसरा माझा व्हाइस कॅप्टन. आणि टॅग बसलाच तर ज्याचे निम्मे गुण टॅकलमधून येतात तो कमी बुडतो, ज्याचे गुण मोकळ्या जागेतल्या मार्कमधून येतात तो जास्त बुडतो.

सेंटर बाउन्स अटेंडन्सचा आकडाही बघायला शिका. मध्यावर चेंडू टाकला जातो तेव्हा त्या चौकोनात आपला माणूस किती वेळा उभा होता, त्याचं हे प्रमाण. दोन आठवड्यांत ते एकदम खाली आलं असेल तर कोचनं त्याला विंगवर किंवा पुढं ढकललंय. गुण अजून पडलेले दिसत नसतील, पण पडणार.

डिफेंडरला कॅप्टन करायला मी सहसा धजत नाही. अपवाद म्हणजे मागून खेळ सुरू करणारा, ज्याच्याकडं किक-इन, म्हणजे समोरच्यांचा बिहाइंड झाल्यावर गोलसमोरून चेंडू खेळात आणणाऱ्या किक, असतात. त्यातही एक बारकावा आहे. गोलसमोरच्या चौकटीतून बाहेर पळत येऊन मारली तरच ती किक म्हणून मोजतात, आतून सरळ मारली तर नाही.

हवामानाकडं लोक फार कमी लक्ष देतात. आपल्याकडं पंचगंगा चढत असते तेव्हा, जून-जुलैत, तिकडं हिवाळा असतो आणि मेलबर्नला गारठा आणि पाऊस दोन्ही असतात. चेंडू ओला झाला की मार्क कमी होतात, गर्दी वाढते, टॅकल वाढतात. म्हणजे पावसाच्या दिवशी टॅकल करणारा मिडफिल्डर वर येतो आणि मोकळ्या मार्कवर जगणारा खाली जातो. ब्युरो ऑफ मेटिऑरॉलॉजीचा अंदाज सामन्याच्या दिवशी सकाळी बघून घ्या. मार्व्हल स्टेडियमला छत आहे, तिथं सामना असला तर हा प्रश्नच उरत नाही, आणि दोन खेळाडूंमध्ये निवड अडली तर मी छताखालचा घेते. गॅदर राउंडच्या आठवड्यात सगळे सामने साउथ ऑस्ट्रेलियात असतात, त्यामुळं अंदाज एकाच भागाचा बघायचा.

वेळेचं तेवढं पक्कं करून ठेवा, कारण लॉकआउट, म्हणजे खेळाडू बंद व्हायची वेळ, कुणासाठी थांबत नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं, त्यानंतर साडेचार तास. म्हणजे तिथला संध्याकाळी साडेसातचा सामना मार्चमध्ये आपल्याकडं दुपारी दोनला आणि एप्रिलनंतर तीनला. ब्रिस्बेन घड्याळ बदलत नाही, ते कायम साडेचार तास पुढं. पर्थ फक्त अडीच तास. सामन्याच्या साधारण एक तास आधी शेवटचा संघ कळतो, आणि तो तास फोन हातात पाहिजे. कॅप्टन ऐनवेळी बाहेर पडला आणि तुम्ही वामकुक्षी घेत असाल, तर गुरुवारी ७० केलेला व्हाइस कॅप्टन दुप्पट होऊन बसतो. माझी शनिवारची बॅच असते त्या वेळी मी जाऊबाईंना सांगून ठेवते, त्या तिकडून फोन करतात. फेरीचं वेळापत्रकही आधी बघा. २५ एप्रिलला अँझॅक डे असतो, त्या दिवशी एसेंडन आणि कॉलिंगवुड मेलबर्नला खेळतात. ती तारीख आठवड्याच्या मधल्या वारी आली की सगळा क्रम बदलतो आणि व्हाइस कॅप्टनसाठी वेगळी नावं मिळतात.

लीगमध्ये समोरासमोरचा सामना असेल तेव्हा हिशोब थोडा वेगळा. भाऊजी आणि मी दोघांकडं गॉन असेल आणि दोघांनी त्यालाच कॅप्टन केलं, तर त्याचे गुण दोन्हीकडून कटतात. माझा उरलेला संघ बरा वाटत असेल तर मला हेच हवं असतं, मी त्यांच्यासारखाच कॅप्टन ठेवते आणि बाकीच्या एकवीस जणांना जिंकू देते. संघ कमजोर असेल तर मुद्दाम वेगळा कॅप्टन, आणि मग ठाम माणूस सोडून उंच उडी मारणारा. शनिवारी रात्रीपर्यंत किती मागं आहोत ते कळतं. रविवारच्या खेळाडूसाठी सी शिल्लक ठेवला असेल तर त्याचा खरा उपयोग इथं होतो.

आपल्या फॅन्टसी लीगच्या फायनल्स एएफएलच्या होम-अँड-अवे, म्हणजे साखळी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत येतात, आणि तिथं सावध राहा. ज्या क्लबची एएफएलच्या फायनल्समधली जागा पक्की झालीय, ते शेवटच्या फेरीत आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. जे बाहेर फेकले गेलेत, ते दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला ऑपरेशनला पाठवून पोरांना संधी देतात. त्या आठवड्यात मी कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन दोन्ही अशा क्लबचे निवडते, ज्यांना तो सामना जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि बेंचवरचा न खेळणारा रूकी शेवटच्या फेरीपर्यंत विकत नाही.